दोनशे केबीच्या आत

विट्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लोक येतात आणि म्हणतात, "ताई, एवढी पीडीएफ बारीक करून द्या." कॉम्प्रेस वगैरे कुणी म्हणत नाही, बारीकच म्हणतात. कुणाला बारावीचं मार्कशीट बारीक करून हवं असतं, कुणाला सातबारा, कुणाला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. फोटो पन्नास केबीच्या आत, सही वीस केबीच्या आत, बाकी कागद दोनशे केबीच्या आत. हे आकडे कुणी ठरवले, कुठल्या एसी खोलीत बसून ठरवले, मला माहीत नाही. पण ज्यानं कुणी ठरवले त्याला एकदा माझ्या काउंटरवर बसवायचंय. अ‍ॅडमिशनचे दोन महिने फक्त. चहा मी पाजीन.

मी तापट आहे हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. लग्न केलं नाही तेही त्यामुळेच, असं वहिनीचं मत आहे. तिचं तिच्यापाशी. पण कामात मी पक्की. माझ्याकडून गेलेली फाइल परत आली असं सहसा होत नाही. बाकीचे दुकानदार कुठल्यातरी फुकटच्या साइटवर कागद टाकतात आणि येईल ते गिऱ्हाइकाच्या हातात देतात. मी तसं करत नाही. आधी स्कॅन नीट घेते, मग कडा कापते, मग हळूहळू खाली आणते आणि प्रत्येक वेळी मोठं करून वाचून बघते. शिक्का वाचता आला पाहिजे, सही दिसली पाहिजे. एवढी वर्षं हेच केलं आणि घरच्याच कागदाची वेळ आली तेव्हा हात टेकले.

झालं असं की माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, सरकारी कॉलेजात नर्सिंगची सीट मिळाली. भाऊ फौजेत आहे, वहिनी आणि धाकटा मुलगा त्याच्यासोबत क्वार्टरमध्ये असतात. पोरगी शिकायला इथंच राहिली, आबांजवळ आणि माझ्याजवळ. आबा म्हणजे माझे वडील, तिचे आजोबा. सीट राखीव कोट्यातली, तेव्हा जातीच्या पडताळणीचं प्रमाणपत्र पाहिजे. ते नाही दिलं तर सीट रद्द. खुल्यातून तिचा नंबर लागत नव्हता, आणि खाजगी कॉलेज आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पोरीनं दोन वर्षं मान वर न करता अभ्यास केला होता. तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

पडताळणीला जुना पुरावा लागतो. आमच्याकडे पुरावा एकच, आबांच्या शाळेतल्या रजिस्टरचं पान. आम्ही मूळचे माण तालुक्यातले. भाचीला घेऊन मी दहिवडीमार्गे गावी गेले. शाळेच्या मुख्याध्यापक बाई भल्या होत्या. त्यांनी कपाटातून ते रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं, मला स्कॅन करू दिलं, आणि दहिवडीहून मी रंगीत प्रिंट काढून आणली तेव्हा मूळ पानाशी ताडून पाहून तिच्यावर सही-शिक्का करून दिला, सोबत शाळेचं पत्रही दिलं. कुठं अडवलं नाही की काही नाही. उलट आम्हाला पोहे खाऊ घातले.

आता ते पान कसं होतं ते सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे. आबांचं नाव शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी जातीच्या रकान्यात निळ्या शाईनं आमची तेव्हाची जात लिहिली. तो शब्द मी इथं लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. पुढं काय झालं ते ऐकलं की कळेल. छप्पन सालानंतर गावातल्या आमच्या घरांनी धम्म स्वीकारला. माझे आजोबा आबांना बोटाला धरून शाळेत गेले आणि मास्तरांना म्हणाले, पोराच्या नावापुढं बौद्ध लिहा.

आबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. त्यांना ते अजून लख्ख आठवतं. "मास्तर म्हनलं, शेजारी लिवतो, जागा हाय. माझा बा म्हनला, न्हाई गुरुजी, त्येच्यावरच लिवा. खालचं दिसाय नगं." मास्तरांनी लाल शाईचा टाक घेतला आणि त्या निळ्या शब्दाच्या बरोबर डोक्यावर बौद्ध असं लिहिलं. आजोबा म्हणाले, अजून एकदा गिरवा. मास्तरांनी पुन्हा गिरवलं. आजोबांना अक्षरओळख नव्हती. लाल रंगाखाली निळा किती झाकला एवढंच त्यांना कळत होतं, आणि तेवढं बघूनच ते घरी आले.

इतक्या वर्षांत निळी शाई फिकी पडली, कागद पिवळा झाला, लाल मात्र तशीच राहिली. तरी डोळ्यांनी बघितलं की दोन्ही शब्द वाचता येतात. खाली निळा, वर लाल. माणसाच्या डोळ्याला काही अडचण नाही. अडचण दोनशे केबीला.

पोर्टलचा नियम असा की रजिस्टरचं मुखपृष्ठ, आतलं पूर्ण पान आणि मुख्याध्यापकांचं पत्र असे तिन्ही कागद एकाच फाइलमध्ये, दोनशे केबीच्या आत. रजिस्टरचं पान म्हणजे केवढं, दोन हात पसरावेत एवढं. बारीक बारीक रकाने. पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळी अक्षरं असली की फाइल आपोआप हलकी होते. पण जुना कागद असला की मशीन त्यावरचा डाग न् डाग, सुरकुती न् सुरकुती जपून ठेवतं आणि फाइल फुगते. म्हणजे ज्यांचे कागद नवे त्यांचं काम चुटकीसरशी. आणि आमच्याकडून मागायचे कुठले, तर सगळ्यात जुने. वर म्हणायचं, साइज कमी करा. ही अक्कल कुणाची हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

पहिल्यांदा मी फाइल काळी-पांढरी केली. रंग काढला की वजन निम्म्याहून खाली येतं. आली दोनशेच्या आत. पण रंग गेल्यावर लाल काय आणि निळा काय, दोन्ही काळेच. एकावर एक असलेले दोन शब्द मिळून एक काळा ठिपका झाला. मी तरी पाठवली, कारण बाकीचं सगळं पान स्वच्छ वाचता येत होतं आणि सोबत मुख्याध्यापक बाईंचं पत्र होतं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्रुटी. जातीच्या रकान्यात खाडाखोड, नोंद वाचता येत नाही.

खाडाखोड म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आजोबांनी आयुष्यात एकच गोष्ट सरकारी कागदावर स्वतःच्या तोंडानं सांगून लिहून घेतली, आणि ती यांना खाडाखोड दिसते.

दुसऱ्यांदा रंगीत पाठवली. रंगीत ठेवायची तर वजन दुसरीकडून उतरवावं लागतं, म्हणजे चित्र धुरकट होतं. पानाचा पिवळेपणा काढून बघितला, तर त्याच्यासोबत फिकी निळी शाईही पुसली जायची. पिवळा ठेवला तर फाइल चारशेच्या खाली येईना. शेवटी कशीबशी एकशे अठ्ठ्याण्णववर आणली. अक्षरांच्या जागी चौकोन चौकोन झाले होते. तीन दिवसांनी पुन्हा त्रुटी. प्रत अस्पष्ट. खाली एक ओळ जास्तीची, की शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पूर्तता न झाल्यास अर्ज बंद करण्यात येईल.

बुधवारी हे आलं. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी पडताळणीच्या ऑफिसात हजर. पिशवीत सही-शिक्क्याची प्रिंट, अगदी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. म्हटलं, डोळ्यांनी बघतील आणि मिटेल. दीड तासानं माझा नंबर आला. टेबलामागं एक तरुण साहेब होते, माझ्या भावापेक्षा लहान. बोलायला अगदी नम्र. उद्धट असते तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं.

मी फोल्डर पुढं केला. म्हटलं, "साहेब, हा कागद बघा. खाली निळ्यात आहे ते वाचा, वर लाल आहे ते वाचा. दोन्ही वाचता येतंय."

त्यांनी फोल्डरला हात लावला नाही. "ताई, मी कागद बघू शकत नाही. सिस्टीममध्ये जे येईल तेवढंच बघायचं असतं."

"मग सिस्टीममध्ये मोठी फाइल घ्या."

"लिमिट वरनं आहे. माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात नाही, माझ्या हातात नाही. मग कुणाच्या हातात आहे? त्याला बोलवा."

मागं रांगेतले लोक बघायला लागले. मी म्हटलं, बघू देत. मी आवाज खाली केला नाही. त्यांना सांगितलं की पोरीची सीट जाईल. सांगितलं की मी स्वतः हाच धंदा करते, रोज शंभर कागद बारीक करते, हा होत नाही. माझा कागद खोटा असता तर केव्हाच झाला असता, खोटे कागद नवे कोरे असतात. साहेब शांतपणे ऐकत होते. सुनावणी मागता येते म्हणाले, पण तारीख दोन महिन्यांनी मिळेल. दोन महिन्यांनी तिच्या खाटेवर दुसरीच कुणीतरी झोपलेली असेल हॉस्टेलात.

मग ते थोडे पुढं वाकले आणि मला मदत केली. खरंच मदतच म्हणून केली, मनात खोट नव्हती त्यांच्या. म्हणाले, "ताई, तुम्ही या लाइनमधल्या आहात म्हणून सांगतो. स्कॅनरला लाल रंग वगळायचा ऑप्शन असतो. तो लावा. लाल उडून जाईल, खालचं क्लिअर येईल. पडताळणी मूळ जातीची असते, आम्हाला तसंही खालचंच पाहिजे."

मला तो ऑप्शन माहीत होता. छापील फॉर्मवरच्या लाल रेघा घालवायला मी तो कितीदा वापरते. रेघा जातात, भरलेलं तेवढं राहतं. पहिल्या दिवसापासून तो मला माहीत होता आणि पहिल्या दिवसापासून मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. मी फोल्डर पिशवीत घातला आणि बाहेर पडले. एसटीत बसल्यावर रडायला आलं. रडू आलं की मला अजून राग येतो.

शुक्रवारी सकाळपासून पुन्हा झटापट केली. एक एक रकाना वेगळा करून बघितला, रंग कमी करून बघितले. जे चालू शकेल ते सगळं केलं. साडेचार वाजले. भाची दुकानात माझ्या मागं स्टुलावर बसून होती. नुसती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं मी उद्या या म्हणून परत पाठवली.

पाच वाजता मी तो ऑप्शन लावला. प्रिंट काचेवर ठेवली, झाकण पाडलं, बटण दाबलं. पडद्यावर पान आलं. पिवळा रंग गेला होता, पान पांढरंफेक. आणि त्या रकान्यात तो शब्द. ज्याच्यावर आजोबांनी दोनदा शाई ओतायला लावली तो शब्द, कालच लिहिल्यासारखा ठळक. लालचा मागमूस नाही. तिन्ही पानं मिळून फाइल ब्याण्णव केबी.

भाची उठून माझ्या खांद्यामागं आली. तिनं तो शब्द वाचला. मग म्हणाली, "आत्या, आबांना विचारू या ना आधी."

घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. आबा घरीच होते. फोनही उचलतात ते. विचारता आलं असतं. पण मला माहीत होतं की आबा नाही म्हणाले तर मी पाठवू शकणार नाही, आणि हो म्हणाले तर ते हो मला ऐकवणार नाही. मी तिला म्हटलं, "तू गप्प बस. तुझी सीट बघ." एवढ्या वर्षांत तिच्याशी मी इतकं तुसडं कधी बोलले नव्हते. आणि मी फाइल पाठवली.

एरवी यांना उत्तर द्यायला तीन-चार दिवस लागतात. या वेळी सहा वाजायच्या आत मेसेज आला. कागदपत्र स्पष्ट, त्रुटी नाही. खरे कागद दोनदा गेले, दोनदा परत आले. आणि अर्धे पुसून पाठवले तर तासाभरात मंजूर. मी मेसेज वाचला आणि काउंटरवरची स्टेपलरच्या पिनांची डबी उचलून भिंतीवर मारली. पिना सगळ्या दुकानभर झाल्या. भाचीनं खाली बसून एक एक वेचल्या.

प्रमाणपत्र आलं, सीट पक्की झाली. पेढे वाटले. हॉस्टेलला जायच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, "काय धाडलं व्हतंस त्ये तरी दाव मला. माझं साळंतलं पान बघू दे." मी म्हटलं, दुकानात आहे, कशाला. ते म्हणाले, "आण की. आमी बी बघतो." टाळून टाळून किती टाळणार. मी पाठवलेल्या फाइलचीच प्रिंट काढून आणली.

आबा वर्कशॉपात फिटर होते, नजर अजून चांगली आहे. त्यांनी कागद खिडकीपाशी धरला. स्वतःचं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली. मग बोट रकान्याकडं गेलं आणि तिथंच थांबलं. मला वाटलं चिडतील. माझा राग आलाय कुठून, त्यांच्याकडूनच. पण ते चिडले नाहीत. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. जणू लाल शाई मागच्या बाजूला उतरली असेल.

"बानं लिवून घेतल्यालं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. दोनशे केबी, काळा ठिपका, साहेब, शुक्रवार. भराभरा सांगितलं, मोठ्या आवाजात, जणू त्यांच्याशीच भांडतेय. सगळं ऐकून झाल्यावर नातीकडं बघून म्हणाले, "तुझी शीट ऱ्हायली, लय चांगलं झालं पोरी. शिक." आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "पर ह्यो कागद ह्या घरात नगं."

मी तो त्याच दिवशी दुकानात नेऊन फाडला. प्रिंट फाडता येते. पोर्टलवरची फाइल फाडता येत नाही. मी रीतसर अर्ज केला, की सोबत मूळ रंगीत प्रत जोडत आहे, आधीची काढून ही ठेवावी. फाइल मोठी असल्यानं तो अर्ज पोस्टानं पाठवला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा उत्तर आलं, की प्रकरण निकाली निघालं असल्यामुळं कागदपत्रांत बदल करता येणार नाही.

ओळखीची माणसं मला म्हणतात, चला, एकदाची कटकट मिटली. आता घरात एकीचं प्रमाणपत्र झालंय, उद्या धाकट्या भाच्याचं काढायचं झालं तर रजिस्टर शोधत गावाला जायला नको. हीच फाइल उघडतील आणि देतील. खरं आहे ते. त्याच्या पोरांनाही हीच उघडतील. आणि त्या फाइलीत माझ्या आजोबांनी धम्म घेतलेलाच नाही. हे कुठल्या साहेबानं केलं नाही, मी केलं.